मामंजींचा घटसर्प

कुंभकोणमला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एका बऱ्यापैकी धडधाकट म्हशीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला होता. मालक घाबरून 'तोंडै, तोंडै' म्हणत होता आणि मी पडले मराठी मुलगी, मला वाटलं तोंडातच काहीतरी झालंय. जीभ ओढून पाहिली, दाढा चाचपल्या, हिरड्यांवरून बोट फिरवलं. म्हशीने सगळं सोसलं आणि शेवटी माझ्या ॲप्रनला तोंड पुसलं. मग शेजारच्या एका बाईने स्वतःचा गळा धरून दाखवला तेव्हा कळलं, की तमिळमध्ये तोंडै म्हणजे घसा. म्हशीला नुसता खोकला होता.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि पाणी द्यावं लागलं.

"तमिळ येत नाहीं तें ठीक," डोळे पुसत ते म्हणाले, "मराठी तरी धड शीक."

माझं माहेर साताऱ्याकडचं. जनावरांची डॉक्टर झाले, शिकताना भेटलेल्या मुलाशी लग्न केलं आणि इथे येऊन एका दूध संघाच्या दवाखान्यात लागले. नवरा सोमवार ते शुक्रवार चेन्नईत असतो आणि मी नि मामंजी इथे. तुझा संसार नक्की कुणाबरोबर चाललाय, असं माझी आई फोनवर अधूनमधून विचारते. मलाही कधीकधी तो प्रश्न पडतो.

मामंजी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्याबरोबर तंजावूर मुलखात उतरले आणि परत जायचं विसरले. येताना आणलेली मराठी मात्र या घराने लोणच्यासारखी बरणीत जपून ठेवली. त्यांच्या तोंडी 'झालं' नसतं, 'जालें' असतं. 'म्हणून'चं 'मेणून', 'सगळं'चं 'अस्कं'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, समोर बखरच बोलायला बसलीये. माझी मराठी ऐकून त्यांना वाटतं, बाईची बस सुटायला आलीये. जन्मभर शाळेत आणि बाजारात तमिळच बोलल्यामुळे असेल, पण घरापुरता त्यांचा एक कडक नियम आहे: चपला आणि तमिळ, दोन्ही दाराबाहेर.

परसात आमची एक गाय. जर्सी संकर, तांबूस-पांढरी, पोटाने दांडगी आणि स्वभावाने मानी. सासूबाई गेल्या त्या वर्षी मामंजींनी ती चोळपुरमहून एवढीशी कालवड असताना आणली, आणि तेव्हापासून ते दिवसभर तिच्याशी मराठीत बोलत असतात. तेही अहो-जाहो करून. 'अहो, किंचित सरकावें.' 'अहो, पेंड गोड आहे, पाहून तरी घ्यावी.' सुनेला अगं आणि गाईला अहो. एकदा मी तक्रार केली तर शांतपणे म्हणाले, "त्या मध्यें तोंड घालत नाहींत."

ही गंमत होती आणि नव्हतीही. त्यांचा मुलगा त्यांना मराठीत उत्तर देतो, पण दोन शब्दांत. मी लांबलचक देते, पण भांडते. त्यांचं वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस म्हणजे सासूबाई; त्या गेल्या आणि त्यांच्या जागी ही गाय आली. तिला काही झालं तर हा माणूस बोलेनासा होईल, अशी मला मनातून धास्ती होती. मी ती कधी कुणाला बोलून दाखवली नाही.

माझं काम त्यांना समजावून सांगणं ही आमची जेवतानाची करमणूक. एकदा कढी वाढता वाढता मी सांगत होते, की गाई-म्हशींच्या घशात एक जंतू मुक्कामालाच असतो.

"घशांत राहतो, आणि तिला कांहीं होत नाहीं?" मामंजींनी गणिताच्या मास्तरांच्या आवाजात विचारलं.

"नाही होत. पाश्चरेला म्हणतात त्याला. टॉन्सिलपाशी घरजावयासारखा पडून असतो. खातो, पितो, झोपतो."

"मग एकाएकीं काये होतें त्याला?"

"त्याला काही होत नाही, गाईला होतं. ती दिवसचे दिवस भिजली, गारठली, उपाशी राहिली, ट्रकमधून लांब नेली, की तिच्या अंगातला पहारा ढिला पडतो. मग हा उठतो आणि रक्तात उतरतो. ताप चढतो, गळा सुजतो, श्वास अडतो. कधीकधी दिवस मावळेपर्यंत खेळ संपतो."

"आणि फुफ्फुसांत?"

"तिकडे त्याचा चुलतभाऊ जातो. मॅनहेमिया नाव. बाजारातून वासरं नि मेंढ्या दाटीवाटीने कोंबून आणल्या की त्याचं फावतं. शिवाय मायकोप्लाझ्मा म्हणून एक आहे. त्याला कातडीच नसते, त्यामुळे कातडी फोडणारी आपली पेनिसिलिनसारखी औषधं त्याला लागतच नाहीत."

"अस्कं खानदानच आहे मेणायचें," मामंजी म्हणाले, आणि कढीत मीठ कमी असल्याचं त्याच दमात सांगितलं.

यातल्या मोठ्या भावावर, म्हणजे पाश्चरेलावर, उपाय सोपा आहे. पावसाआधी लस टोचायची. आमच्या भागातला पाऊस आपल्याकडच्यासारखा जूनमध्ये येऊन मोकळा होत नाही. तो ऐप्पसी महिन्यात, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, खरा हात दाखवतो. त्याआधी आमच्या पेठेत लसीचं शिबिर झालं. नेमकी मी त्या दिवशी दुसऱ्या गावच्या शिबिरात होते. तसंही आमच्या गाईला मी टोचलेलं चाललं नसतं. माझी बॅग दिसली की ती आधी मागचा पाय उचलते आणि मग विचार करते. म्हणून मामंजीच तिला घेऊन गेले. संध्याकाळी मी आले तर गाईच्या मानेवर, सुई टोचल्या जागी लावतात तसा, हळदीचा हा एवढा थापा.

"जालें?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"जालें," ते म्हणाले.

तो विषय तिथे संपला.

ऐप्पसीचा पाऊस लागला आणि मागे हटायचं नाव घेईना. परसाला तळ्याची कळा आली. गोठ्यात पाणी शिरू नये म्हणून मामंजींनी विटांचा बांध घातला आणि त्याचं क्षेत्रफळ गाईला समजावून सांगितलं. एके दिवशी मी नाचियारकोविलला शेळ्यांचा खोकला पाहायला गेले होते. एका ओसरीवर बकरीच्या छातीला नळी लावून बसले होते तेवढ्यात मामंजींचा फोन आला. ते कामाच्या वेळी कधी फोन करत नाहीत.

"सकाळपासून खात नाहींत," ते म्हणाले. गाईला आदरार्थी बोलतात त्यामुळे क्षणभर मला वाटलं, कुणी पाहुणे आलेत. "लाळ गळते. श्वास घोरल्यासारखा वाजतो."

"गळ्याखाली हात लावून बघा. सुजलंय?"

"सुजलें आहे. भाजतें हाताला."

"मामंजी, तुम्ही तिला टोचून आणली होतीत ना? नक्की?"

"आणली होती मेणून सांगितलें ना तेव्हां."

"मग असं कसं होईल? हा तर घटसर्प वाटतोय मला."



"काये मेणालीस?"

"घटसर्प, घटसर्प! दुसरं काही नाही. मी निघालेच. तोवर तयारी ठेवा, पाणी गरम करा आणि तिच्याजवळ कुणाला येऊ देऊ नका."

"हें तूं मला मेणतेस?"

"मग कुणाला म्हणू? घरात दुसरं आहे कोण?"

फोन बंद झाला. मला वाटलं, पावसाने रेंज गेली असेल.

या रोगाला तमिळमध्ये 'तोंडै अडैप्पान' म्हणतात, घसा बंद करणारा. ते दोन शब्द मी उच्चारले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण घरच्या माणसाशी बोलताना तमिळ वापरायची मला बंदी होती, आणि ती मी इतकी इमानाने पाळत होते की गाय मरायला टेकली तरी माझ्या तोंडून मराठीच निघाली.

स्कूटरवर येताना दोन्ही बाजूंच्या भातखाचरांत पाणी तुडुंब होतं आणि माझ्या डोक्यात विचारांची गर्दी. लक्षणं घटसर्पाची, यात शंका नव्हती. पण लस घेतलेल्या गाईला इतक्या लवकर तो व्हावा हे मनाला पटेना. मी पडले लसीवर विश्वास ठेवणारी. मग वाटायला लागलं, रताळं किंवा नारळाचा तुकडा घशात अडकला असेल. तेव्हाही लाळ गळते, तेव्हाही श्वास वाजतो. तसं असेल तर घशात हात घालून काढावा लागेल. आणि तसं नसेल, तर त्या झटापटीत आपणच तिला मारायचो. त्या रस्त्यावर मला माझ्या शिक्षणाचा मनापासून कंटाळा आला.

घरी पोचले ती सरळ परसात गेले. गाय मान लांब करून उभी होती. जीभ किंचित बाहेर, तोंडातून लाळेची तार, गळ्याखाली उशी बांधावी तशी सूज. प्रत्येक श्वास कुठेतरी घासून आत जात होता आणि घासूनच बाहेर येत होता. ताप पाहिला तर पारा पार वर. मी बॅग उघडली तरी तिने पाय उचलला नाही, शेपूटसुद्धा हलवली नाही. मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटली.

"मामंजी!" मी ओरडले. "डोकं धरायला या!"

उत्तर नाही. गरम पाणी नाही. मागच्या दारातून आत डोकावले तर मामंजी देवघरात बसलेले. नुकतंच स्नान केलेलं, अंगावर ओलं धोतर, कपाळी गंध, समया पेटवलेल्या. विठ्ठलासमोर तांब्याचा घडा आणि घड्यावर केळीचं पान झाकलेलं. ते त्या घड्याकडे टक लावून पाहत होते.

मी संतापले. "गाय तिकडे जायला निघालीये आणि तुम्ही पूजा काय मांडलीत?"

"पूजा नाहीं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तयारी. तूंच मेणालीस, तयारी ठेवा."

"मी गरम पाणी म्हणाले!"

"घटसर्प मेणालीस. एकदां नाहीं, दोनदां नाहीं. ओरडून मेणालीस."

मी वैतागून ते पान उचललं. घड्यात गाईचा जुना कासरा नीट वेटोळं करून ठेवला होता.

"नाग कोठून आणूं या पावसांत?" मामंजी ओशाळून म्हणाले. "मेणून दोरी ठेवली. विठ्ठलाला तेवढी पुरे होईल मेणून वाटलें."

मला अजूनही काही कळत नव्हतं. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण त्यांनी मला पाचवीतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. त्यांच्या घरात घटसर्प म्हणजे शेवटची शपथ. घड्यात नाग ठेवायचा. जो खरं बोलतोय त्याने आत हात घालायचा. खऱ्याला नाग चावत नाही. नाग प्रत्यक्षात कुणी कधी पाहिला नव्हता, घड्यात हातही कुणी घातला नव्हता. पण लहानपणी गुळाचा खडा चोरला की त्यांची आई एवढंच विचारायची, 'करूं काय घटसर्प?' आणि हे रडत रडत गूळ काढून द्यायचे.

म्हणजे शब्द एकच. आमच्याकडच्या लोकांनी त्यातला आजार ठेवून घेतला आणि यांनी साप.

"सून सासऱ्याला घटसर्प कर मेणते," मामंजी म्हणाले. "राग आला मला. मग वाटलें, उगाच मेणणार नाहीं ही. स्नान केलें, बसलों. हात पुढें जाईना."

"का?"

"खरें नव्हतें मेणून."

मग त्यांनी सांगून टाकलं. गाईला शिबिरापर्यंत नेली होती, रांगेतही उभी केली होती. पण दुसऱ्या दिवसापासून भजनी मंडळाचा उत्सव होता आणि विठ्ठलाच्या खिरीला दूध आमच्याच घरचं जायचं. पुढच्या माणसाने सहज सांगितलं, की टोचली की दोन दिवस दूध आटतं. मामंजी रांगेतून बाहेर पडले, गाईला तळ्यापर्यंत फिरवून आणलं आणि घरी येऊन तिच्या मानेला हळद लावली.

"हळदसुद्धा लावलीत?" मी विचारलं.

"तूं पाहशील मेणून."

मला इतका राग आला होता की त्यांच्या ओल्या खांद्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. पण त्याचबरोबर डोक्यातलं रताळं, नारळ, झटापट, सगळं एका क्षणात पुसलं गेलं. टोचलेलीच नाही म्हटल्यावर विचार करायला काही उरलं नव्हतं. मी म्हणाले, "भांडण नंतर. आधी डोकं धरा."

त्यांनी त्या ओल्या धोतरातच पावसात येऊन गाईचं डोकं धरलं. मी शिरेतून औषध सोडलं, सावकाश, कारण घाई केली तर तेही अंगावर येतं. तापाचं आणि सुजेचं दुसरं इंजेक्शन दिलं. एवढा वेळ मामंजी एक अक्षर बोलले नाहीत. गाईचे डोळे त्यांच्यावर होते. एरवी डास चावला तरी तिची समजूत काढणारा हा माणूस, तोंड उघडायचा आणि तसाच मिटायचा. मला रडू आलं. पावसात ते कुणाला दिसणार नव्हतं, म्हणून मी ते येऊ दिलं.

दुपार आम्ही गोठ्यातच काढली. मी उलट्या बादलीवर, मामंजी विटांच्या बांधावर. मधल्या वेळात मी त्यांना सांगितलं, की आमच्या मराठीत घटसर्प म्हणजे हाच रोग. शपथ नाही, नाग नाही, घडा नाही. तो घशातला घरजावई उठला की त्याला घटसर्प म्हणतात.

त्यांनी ते गणित तपासावं तसं एकेक पायरी करून तपासलं.

"मेणजे तूं मला खोटा मेणाली नव्हतीस?"

"नाही."

"तुला संशयही नव्हता?"

"काडीचा नव्हता. हळद बघून खूश झाले होते मी."

"अय्यो," मामंजी म्हणाले. "मग मीं जें बोलिलों, तें परत घेतां येईल काय?"

"नाही येणार. बोललात ते बोललात."

त्यांनी थोडा विचार केला. "एक सांगतों. सुनेला मीं खोटें सांगितलें नाहीं. डॉक्टरला सांगितलें."

"डॉक्टरचं बिल निराळं येईल," मी म्हणाले. ते हसले, पण हसता हसता त्यांचं लक्ष गाईच्या श्वासाकडे होतं. माझंही होतं. रोग काय तो मी ओळखला होता, पण ती वाचेल असं मी त्यांना सांगितलं नव्हतं, कारण मला ते माहीत नव्हतं. या रोगात उशिरा पोचलेला डॉक्टर बहुतेक वेळा नुसता साक्षीदार असतो.

दिवेलागणीला पाऊस थांबला आणि श्वासाची घासणी किंचित कमी झाल्यासारखी वाटली. दोघांनाही वाटत होतं आणि दोघंही दृष्ट लागेल म्हणून गप्प होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा औषध दिलं तेव्हा गाईने मागचा पाय उचलला. लाथ नीट बसली नाही, पण रोख माझ्याकडेच होता. इतकी आवडलेली लाथ मी उभ्या नोकरीत खाल्लेली नाही. मग तिने बांबूचा पाला हुंगला, एक पान ओढलं, आणि दुपारी तिचा जबडा हळूहळू गोल फिरायला लागला. मामंजींनी मला हाक मारून बोलावलं आणि नुसतं बोटाने दाखवलं. गाय रवंथ करत होती.

सूज उतरायला आणखी दिवस लागले. दूध औषधाचं, ते कुणाच्या पोटात जाऊ द्यायचं नव्हतं. मामंजी रोज धार काढायचे आणि परसात खड्डा करून ओतून टाकायचे. भजनाला ते पाकिटातलं दूध घेऊन गेले. मंडळातल्या कुणीतरी विचारलंच, "गाईला काय झालं?" नवरा शनिवारी आला होता, तोही शेजारी उभा होता. त्याला वाटलं, आता वडील गोलमाल काहीतरी सांगतील. मामंजींनी स्वच्छ सांगितलं, की दूध आटेल म्हणून मी लस चुकवली, आता हे पाकीट. मग पाकीट विठ्ठलापुढे ठेवून त्यालाही तेच सांगितलं, अगदी मोठ्याने. विठ्ठल काही म्हणाला नाही, पण घरी येईपर्यंत मामंजींचे कान लाल होते. नवऱ्याने मला हळूच विचारलं, "तू त्यांना काय केलंस?" मी म्हटलं, मी फक्त मराठी बोलले.

पाऊस ओसरल्यावर पट्टीश्वरमला शिबिर ठरलं. आजूबाजूला एक-दोन जनावरं घटसर्पाने गेली होती, त्यामुळे राहिलेल्या गाईंना टोचायचं होतं. निघताना मामंजी चपला घालून दारात उभे.

"तुम्ही कुठे?"

"बर्फाची पेटी कोण धरील?"

लसीची पेटी धरायला माणूस होता, पण मी स्कूटर काढली. स्कूटरवर मागे बसून ते पेटी पोटाशी घेऊन आले, आणि वाटेत प्रत्येक खड्ड्याला मला गाडी चालवायला शिकवत होते.

देवळामागच्या मोकळ्या जागेत बायका गाई घेऊन आल्या होत्या, पण पुढे कुणी येईना. दूध आटतं, ही बातमी माझ्या आधी पोचली होती. मी माझ्या तमिळमध्ये समजावलं. जंतू, पहारा, ताप, सगळं सांगितलं. मी बोलते तेव्हा बायका फार लक्ष देऊन ऐकतात. नंतर कळलं, की माझे उच्चार ऐकायला ऐकतात.

तेवढ्यात मामंजींनी पेटी खाली ठेवली आणि तमिळमध्ये बोलायला लागले. घराबाहेर ते बोलतात हे मला माहीत होतं, पण अशी भरल्या वर्गासमोरची तमिळ मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. दूध आटतं, हे खरं आहे, ते म्हणाले. दोन दिवस आटतं. मीही त्याच भीतीने माझी गाय रांगेतून परत नेली होती, आणि घरी येऊन डॉक्टरला खोटं सांगितलं होतं. ही डॉक्टर. ही माझी सून.

बायकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझ्याबद्दल बरीच सहानुभूती होती.

पुढे एक म्हातारी उभी होती. हाताशी एक काळी गाय, शिंगांना निळा रंग. तिने मामंजींना विचारलं, "सार, तुमची गाय मेली?"

"नाही. वाचली."

"मग झालं की," म्हातारी म्हणाली. "माझीही वाचेल."

सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं, बाईचं गणित पक्कं होतं. मामंजी मात्र हसले नाहीत. त्यांनी तिच्या गाईच्या मानेवर हात ठेवला.

"अम्मा, घरात डॉक्टर होती म्हणून वाचली," ते म्हणाले. "पण त्या दिवशी तिचा श्वास अडला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. मी रोज तिच्याशी बोलतो. बायको गेल्यापासून तिच्याशीच बोलतो. त्या दिवशी मला एक शब्द फुटला नाही. काय तोंडाने बोलणार होतो?"

म्हातारी त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली.

"गाईशी बोलता तुम्ही?" तिने विचारलं.

"हो."

"मीही बोलते," म्हातारी म्हणाली, आणि गाईला घेऊन पुढे आली.